तारखेचा रकाना

देवीच्या जत्रेची तारीख देवीच्या आधी मी जाहीर केली. मुद्दाम नव्हे. वेबसाइटवरचा एक रकाना रिकामा सोडता येत नव्हता, म्हणून.

खैरवण्याबाहेरच्या माणसाला यात एवढं काय ते कळणार नाही, तेव्हा थोडं सांगतो. आमच्या सातेरीच्या जत्रेला ठरलेली तिथी नाही. भात घरात आलं, मळणी उरकली, की गावचे मानकरी एका सकाळी देवळात जमतात, देवीसमोर एक दिवस मांडतात आणि तिला विचारतात, हा चालेल का. गुरव देवीच्या पाषाणाला दोन्ही खांद्यांवर तांदळाचे ओले दाणे चिकटवतो. उजवीकडचा दाणा आधी पडला तर होय, डावीकडचा पडला तर नाही, मग दुसरा दिवस मांडायचा. याला कौल लावणं म्हणतात. कौल होईपर्यंत जत्रा कधी हे कलेक्टरलासुद्धा सांगता येत नाही, आणि मुंबईला असलेलं आमचं अर्धं गाव तोवर रजेचे अर्ज कोरे ठेवून बसलेलं असतं. बरं, देवीला हे विचारायचं कोणी? तर माझ्या बाबांनी. गाऱ्हाणं घालायचा, म्हणजे साऱ्या गावाच्या वतीनं देवीशी बोलायचा मान आमच्या घराण्याकडे. जमिनीची वाटणी झाली, काजूची झाली, विहिरीच्या पाण्याचीसुद्धा झाली, पण तो मान कोणी वाटून घेऊ शकलं नाही. बाबांना गाव आबा म्हणे. घरात दिवसाकाठी दहा वाक्यं बोलणारा माणूस, पण देवीसमोर उभा राहिला की त्याचा आवाज देवळाच्या छपराच्या कौलांना लागून खाली यायचा. लहानपणी मला वाटायचं, बाबा घरात बोलत नाहीत ते आवाज तिथं पुरावा म्हणून.

आमच्या कॉम्प्युटरच्या धंद्यात चाळिशी म्हणजे म्हातारपण. माझ्याबरोबर काम करणारी पोरं मला काका म्हणतात आणि मी वापरलेल्या साधनांची नावं ऐकून पणजोबांच्या अडकित्त्याकडे बघावं तसं बघतात. तेव्हा आठवणी लिहायला मी लायक झालो आहे असं समजायला हरकत नाही. ही गोष्ट मी चोवीस वर्षांचा होतो तेव्हाची. पुण्यातली कंपनी, म्हणजे दोन खोल्या आणि एक पाण्याचा कूलर, आठ महिन्यांत बंद पडली होती आणि मी एक लॅपटॉप, एक उशी आणि बराच आत्मविश्वास घेऊन घरी परतलो होतो. घरून काम करणं तेव्हा अजून इभ्रतीचं झालं नव्हतं. शेजारीण माझ्याबद्दल विचारी, "झील काय करता गो आता?" आणि आई म्हणे, "कॉम्प्युटरार असता." जणू मी त्याच्यावर चढून बसलो आहे आणि उतरायला मागत नाही.

माझं ऑफिस म्हणजे आंब्याच्या रिकाम्या पेट्या ठेवायची खोली. पेंढ्याचा वास, छपरात खारींची पळापळ, शेजारच्या ओटीवर बाबांच्या अडकित्त्याचं एका लयीत कट्‌ कट्‌, आणि मागीलदारी आईचं स्वतःशी, कोंबड्यांशी नि मधूनच माझ्याशी चाललेलं बोलणं. सकाळी उकड्या तांदळाची पेज आणि भाजलेला सुका बांगडा, त्याच्या वासानं कीबोर्डवरची अक्षरंसुद्धा वळून बघायची. मोबाइलला रेंज मात्र घरात नव्हती. ती होती गावाच्या वर सड्यावर, त्या उघड्या कातळाच्या माळावर, एका काजूच्या झाडाखाली. तिथं एक मोठा चिरा पडलेला होता. त्या चिऱ्यावर बसलं तर दोन कांड्या रेंज, उठून उभं राहिलं तर शून्य. म्हणजे काम घरी करायचं आणि ते जगाला दाखवायला लॅपटॉप पाठीवर टाकून अर्धा तास चढ चढायचा. आता मला वाटतं, त्या चढाचा उपयोग विचार करायला व्हायला हवा होता. मी गाणी म्हणत जायचो.

जत्रेची वेबसाइट करायला मला कोणी सांगितलं नव्हतं. हेही इथंच कबूल करून टाकतो. काम नव्हतं आणि काम आहे असं दिसणं फार गरजेचं झालं होतं. त्या दिवसांत फुकटात वेबसाइट बांधून देणाऱ्या जागा नुकत्याच सुळसुळायला लागल्या होत्या. तयार आराखडा घ्या, त्यातली चित्रं बदला, बटण दाबा, झालं. मी स्वतःला प्रोग्रामर समजत असल्यामुळे नुसत्या बटणावर समाधान मानणं मला कमीपणाचं वाटलं. म्हणून मी त्याला आणखी एक सोय जोडली, ज्यात माझ्या मशीनवर केलेला बदल इंटरनेट मिळाल्याबरोबर आपोआप साइटवर जायचा. मधे कोणी विचारणारं नाही, थांबवणारं नाही. मला ही फार मोठी प्रगती वाटली. आज माझ्याकडची पोरं कुरकुरतात, काका, साइट लोकांपुढे जायच्या आधी तुम्ही तीन तीनदा काय बघता? मी त्यांना काही सांगत नाही. सांगण्यासारखं नाही.

फुकटच्या आराखड्यांमध्ये तारखेपर्यंतचे दिवस, तास, मिनिटं, सेकंद उलटे मोजून दाखवणारा एकच होता, आणि तो लग्नाचा होता. मी वधूवरांच्या जागी सातेरीचा फोटो लावला, मंगलाष्टकं काढून ढोल लावले. पण पडद्यावर वरून खाली तरंगत येणारी गुलाबी बदामं मला शेवटपर्यंत काढता आली नाहीत. त्याखाली एक फॉर्म ठेवला. नाव, फोन, किती माणसं येणार, काही खास सूचना. आणि फॉर्म भरला की भरणाऱ्याच्या पडद्यावर आपोआप एक पत्र उमटे, तेही मीच मोठ्या हौसेनं लिहिलं होतं: 'आपली नोंदणी झाली आहे. देवीच्या दारी भेटू.' सगळं जमलं, एक गोष्ट सोडून. तारखेचा रकाना. त्याच्यापुढे लाल चांदणी होती, म्हणजे तो भरलाच पाहिजे. तो रिकामा ठेवला तर सेकंद मोजणारं यंत्र अडायचं आणि पान जतनच व्हायचं नाही. मी दोन दुपारी त्याच्याशी भांडलो, मग हात आपसूक जी तारीख टाइप करतात ती टाकली. माझा वाढदिवस. पुढच्या फाल्गुनातला. म्हटलं, कौल झाला की बदलू. मग सड्यावर जाऊन साइटचा पत्ता मुंबईच्या चुलतभावाला, नितीनला पाठवला. 'बघ कसो दिसता.' एवढंच लिहिलं. 'अजून कोणाला दाखवू नको' हे लिहायचं राहिलं. तेव्हा ते वेगळं लिहावं लागतं हे मला माहीत नव्हतं.

चार दिवस बाबांनी मला काजूच्या बागेत झाडणीला लावलं, त्यामुळे सड्यावर जाणं झालं नाही. पाचव्या दिवशी चिऱ्यावर टेकलो आणि खिशातला फोन जो थरथरायला लागला तो थांबेना. फॉर्म येत होते. एक, चार, अकरा, तीस. 'पाच माणसं, वडे पाहिजेत.' 'तीन माणसं आणि सासूबाई.' 'पालखी किती वाजता?' आणि मी, वाचकहो, मी आनंदलो. मला वाटलं नितीननं मित्रांना सांगून साइटची चाचणी चालवली आहे. गुणी पोरगा. मी एकदोघांना स्वतःच्या हातानं 'जरूर या' असंसुद्धा कळवलं.

मग सावंतकाकांचा फोन आला. मुंबईच्या आमच्या ग्रामस्थ मंडळाचे ते सेक्रेटरी, आवाजाला कायम सभा भरलेली.

"दिगू, आबांका सांग, मुंबयकारांनी ह्या वर्सा कमाल केल्यानी. तारीख कळल्या कळल्या सगळ्यांनी तिकिटां काढल्यानी. दोन लक्झरी पन ठरवलव."

"कसली तारीख?"

"अरे जत्रेची! तुझ्या साइटीरची. बाकी काम एक नंबर केलंस हां. सेकंद पन दाखवतंस!"

माझ्या पायाखाली एवढा मोठा कातळ होता, तरी तो हलला. "काका, ती तारीख खरी नाय."

"खरी नाय म्हणजे?"

"म्हणजे नमुन्याची आसा."

"जत्रेचो नमुनो?" काका म्हणाले. "अरे मेल्या, माका पत्र इला, आपली नोंदणी झाली आहे म्हणान. तां काय देवीन धाडल्यान?"

या प्रश्नाचं उत्तर देण्याऐवजी मी चूक दुरुस्त करायला घेतली, आणि आमच्या धंद्यातले सगळे मोठे अपघात याच क्षणी होतात. घाईघाईनं लॅपटॉप उघडला आणि तारखेच्या जागी आजचीच तारीख टाकली. म्हटलं, सेकंद तरी पळायचे थांबतील. सेकंद थांबले. त्यांच्या जागी सोनेरी अक्षरं उमटली: 'आजच तो मंगल दिवस!' आणि गुलाबी बदामं दुप्पट वेगानं पडायला लागली. पाच मिनिटांत फोन पुन्हा थरथरला. "आज? आज जत्रा? अरे मी ठाण्यात आसंय!" तेव्हा मी अख्खी साइटच पुसून टाकली. त्याचा परिणाम असा झाला की ज्यांना अजून शंका आली नव्हती त्यांनाही आली. आणि लोकांच्या फोनमध्ये पहिल्या तारखेचे फोटो होतेच, ते पुसणारं बटण कुठल्याच साधनात नव्हतं. एक गोष्ट मला त्या उतारावर कळली. मी नुसती तारीख लिहिली असती तर आमच्या लोकांनी आधी गावात फोन करून विचारलं असतं, कौल झालो काय? पण डोळ्यांसमोर सेकंद पळताना दिसले. पळणाऱ्या सेकंदांवर माणूस संशय घेत नाही.

घरी पोचलो तर बाबा पेज जेवत होते. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. कुठला रकाना, कुठली चांदणी, कुणी कुणाला पाठवलं. आईच्या हातातली पळी तशीच राहिली. बाबांनी घास संपवला.

"कोणाक इचारून घातलंस तारीख?"

"कोणाक नाय. रिकामो ठेवलो तर पान सेव होयना."

"आणि ती तारीख कसली?"

मी सांगितलं. बाबांनी माझ्याकडे इतका वेळ बघितलं की खारीसुद्धा थांबल्या असाव्यात. मग हात धुवायला उठता उठता म्हणाले, "देवी सुदीक तो रकानो भात घरात येयपर्यंत रिकामो ठेवता. तुका ठेवूक इलो नाय."

त्यानंतर तीन दिवस ओटीवर अडकित्ता वाजला नाही. घरात त्या आवाजाची एवढी सवय होती की मी रोज सकाळी दचकून जागा व्हायचो, काय बंद पडलं म्हणून. आई कोंबड्यांशीही हळू बोलत होती. गावात मात्र सगळेच मोठ्यानं बोलत होते. मुंबईहून सावंतकाका रोज दोनदा सांगायचे, आता तीच तारीख ठेवा, लोकांच्या रजा मंजूर झाल्यात. आणि गावात बाबल परब, आमच्यानंतरच्या मानाचे मानकरी, देवळाच्या सभामंडपात सगळ्यांसमोर उभे राहून म्हणाले, "आबानु, एक इचारतंय, राग मानू नकात. देवीचो कारभार तुमच्या घरात आता कोण बघता? तुमी काय तुमचो झील? तेना तारीख जाहीर करूची आणि तुमी देवीपुढे उबे ऱ्हवन तिका इचारूचा, ह्यां नाटक कित्याक? मान झेपणा नसात तर सोडा." कोणी हो म्हणालं नाही, नाहीही म्हणालं नाही. आमच्या गावात तेवढं पुरतं. बाबा म्हणाले, "कौल लावया. तेच्या फुडे गाव सांगात तसा." सोपं वाक्य होतं. पण आजोबांचे आजोबा ज्या दगडावर उभे राहिले तिथं पुढच्या वर्षी आपण उभे असू की नाही, हे त्या वाक्यात त्यांनी गावाच्या हातात ठेवलं होतं. मी खांबाआड होतो. खांब बारीक होता.

कौलाच्या सकाळी आईनं मला धुतलेला सदरा दिला आणि एकच सूचना केली, "थंय तोंड उघडू नको." देवळात सगळं गाव होतं. भिकाजी गुरवांनी पाषाण धुऊन पुसून घेतला आणि एकेक दाणा निवडून देवीच्या खांद्यांवर लावला. भिकाजींचं बोट त्या वेळी इतकं हलकं असतं की कौल त्यांचा नाही, तिचाच, याबद्दल आमच्यात कोणाला कधी शंका आली नाही. सावंतकाकांच्या आग्रहामुळे पहिली माझीच तारीख मांडायची ठरली होती. बाबा पुढे झाले, हात जोडले आणि तो आवाज कौलांना जाऊन लागला.

"गे माये सातेरी, म्हाराजा! आज तुझी लेकरां तुझ्या पायाकडे जमली आसत!"

"व्हय म्हाराजा!" गावानं साद दिली.

"गावाच्यान काय चुकला-माकला आसात, तां पोटात घाल, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्यो दिवस तुझ्या मनात आसात तर उजवो कौल दी, नसात तर डावो दी!"

"व्हय म्हाराजा!"

आणि काही झालं नाही. दाणे तसेच चिकटून राहिले. कौलाला वेळ लागतो, पण इतका नाही. समईची वात एकदा पुढे केली, दुसऱ्यांदा केली. कोणीतरी खोकलं आणि खोकल्याबद्दल आणखी दोघांनी त्याच्याकडे बघितलं. मी दगडावरच्या त्या पांढऱ्या ठिपक्यांकडे बघत होतो आणि, देवी क्षमा करो, मला पडद्यावर गोल गोल फिरणारं ते थांबा-जरा-चं चक्र दिसत होतं. बाबांच्या मानेवर घामाचा एक थेंब येऊन थांबला होता, तोही पडत नव्हता.

भिकाजी हळूच म्हणाले, "आबानु, सांगूचा कायतरी ऱ्हवला."

काय राहिलं होतं ते देवळातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. 'गावाच्यान', म्हणजे गावाच्या हातून, असं म्हणून बाबांनी मला गावाच्या पाठीमागे उभं केलं होतं, त्या बारीक खांबासारखंच. आयुष्यात देवीशी खोटं न बोललेला माणूस माझ्यासाठी तिच्यापुढे एक शब्द गिळत होता, आणि दाणा पडत नव्हता. मी पुढे कसा गेलो ते आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की हात जोडले आणि तोंडातून जो आवाज आला तो कौलांना तर सोडाच, माझ्या स्वतःच्या कानांनाही नीट लागला नाही.

"गे माये सातेरी, म्हाराजा. चूक गावाच्यान नाय झाली. माझ्याच्यान झाली."

साद कोणी देईना. शेवटी भिकाजी एकटेच म्हणाले, "व्हय म्हाराजा."

"मी तुझी वेबसाइट केलंय, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," आता दोनचार आवाज.

"तारखेचो रकानो रिकामो सोडूक येय नाय होतो, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!"

"म्हणान मी थंय माझ्या वाढदिवसाची तारीख घातलंय."

इथं साद अडखळली. बायकांच्या बाजूला कोणीतरी फिस्सकन हसलं आणि पदर तोंडात कोंबला. पण गाऱ्हाणं सुरू झालं की साद द्यावीच लागते. "व्हय म्हाराजा!"

"लोकांनी फॉर्म भरल्यानी आणि मशीनीन तेंका तुझ्या नावान पत्र धाडल्यान. तां पत्र मीच लिवन ठेवलेलंय, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!"

मला वाटलं संपलं. मग लक्षात आलं, संपलं नाही. "तुझ्यासाठी नाय केलंय मी तां. माका काम नाय होता. माका वाटला, लोकांका दिसांदे, आबांचो झील कायतरी करता म्हणान."

साऱ्या देवळात ही एकच साद जरा हळू आली. बाबांचा आवाज त्यात होता. तो मी ओळखला.

आणि दाणा पडला. डावीकडचा.

"डावो," भिकाजी म्हणाले. देवीनं मला माफ केलं की नाही ते तिलाच ठाऊक, पण माझा वाढदिवस तिनं साफ नाकारला. बाबांनी त्या तारखेच्या तीन आठवड्यांनंतरचा दिवस मांडला. गाऱ्हाणं पुरं व्हायच्या आत उजवा दाणा टपकला, इतका चटकन की भिकाजींनी हात मागेसुद्धा घेतला नव्हता. देवळातल्या सगळ्या माणसांनी एकदम श्वास सोडला. मग सगळे बाबल परबांकडे वळले.

"मानाचा आता काय इचारूचा नाय," ते म्हणाले. "झिलाक पदराआड ठेवल्यानी, तां देवीन बघल्यान. झील भायेर इलो, तांय बघल्यान. पुरे झाला." मग माझ्याकडे बोट केलं. "पण तू! ज्येंका ज्येंका खोटा पत्र गेला, तेंका एकेकाक फोन लावन सांग. मशीनीन नाय. तोंडान."

त्या संध्याकाळी ओटीवर अडकित्ता वाजला. मी पेट्यांच्या खोलीत बसून तो ऐकत होतो आणि यादीला क्रमांक घालत होतो.

आठ दिवस मी चिऱ्यावर बसून फोन केले. काजूला मोहोर आला होता, मधमाश्या माझ्यापेक्षा सुखात होत्या. प्रत्येकाला तेच वाक्य: मी खैरवण्यातसून दिगंबर, आबांचो झील, जत्रेची तारीख खोटी होती, चूक माझी. कोणी शिव्या घातल्या, कोणी हसलं, एकानं आधी सगळं ऐकून घेतलं आणि मग म्हणाला, आता हेच परत सांग, बायको ऐकता. एका बाईंनी तर मुलीचं लग्न करायचं आहे, तुझ्याकडे कोणी चांगला, तुझ्यासारखा नसलेला मुलगा आहे का, असं विचारलं. यादी संपत आली आणि एक नोंद उरली. 'वासुदेव. माणसं दोन. खास सूचना: पत्नीचे गुडघे दुखतात, रांगेत उभे राहता येत नाही.' फोन नंबरात आकडे नऊ. जो रकाना रिकामा सोडायला हवा होता तो मी सक्तीचा केला होता, आणि जो आकडे मोजून घ्यायला हवा होता त्याला मोकळं सोडलं होतं. मी शेवटी शून्य लावून बघितलं, मग एक, मग दोन, असं नऊपर्यंत. दहा अनोळखी माणसांना मी सातेरीची क्षमा मागितली. वासुदेव त्यांत नव्हते. नितीनला विचारलं, सावंतकाकांना विचारलं. कोणालाच धड ठाऊक नव्हतं.

मग माझा वाढदिवस आला. आईनं घावने केले होते, नारळाचा गोड रस केला होता. पहिला घावना मोडतोय तोच भिकाजी गुरव अंगणात उभे.

"दिग्या, देवळाकडे चल," ते म्हणाले. "तुझी जत्रा भरली."

सभामंडपाच्या पायरीवर दोन म्हातारी माणसं बसली होती. सकाळच्या एसटीतून उतरून रिक्षा करून आलेली. आजीच्या मांडीवर ओटीचं सामान, हिरवं लुगडं, नारळ. आजोबांच्या, म्हणजे यादीतल्या वासुदेवांच्या, हातात प्लास्टिकच्या पिशवीत जपलेला कागद, माझ्या पत्राची छापील प्रत. 'देवीच्या दारी भेटू.' आजोबा रिकाम्या मंडपाकडे, बंद दुकानांच्या जागेकडे, वाळत घातलेल्या सुपाऱ्यांकडे बघत होते. मी त्यांच्यापुढे उभा राहिलो आणि चिऱ्यावर दोनशे वेळा म्हटलेलं वाक्य, एकदाही न अडखळता पाठ झालेलं वाक्य, तोंडातून निघेना. तुकड्यातुकड्यांनी सांगितलं.

"म्हणजे आज जत्रा नाय?" ते म्हणाले.

"तीन आठवड्यांनी."

"तवा आमका येवूक जमाचा नाय." रागानं नव्हे, नुसतं सांगितलं त्यांनी. मला राग चालला असता.

आजी मात्र आत बघत होती. "गर्दी नाय मां?" तिनं भिकाजींना विचारलं. नाही म्हटल्यावर ती भिंतीला धरून उठली. मागे कधीतरी ती जत्रेला आली होती, तेव्हा रांगेतून फक्त कळस दिसला आणि गुडघ्यांनी परत फिरवलं. आज ती गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी जाऊन खाली बसली, अगदी ऐसपैस, आणि देवीची ओटी भरायला तिनं एवढा वेळ घेतला की भिकाजींनी मधे दोनदा फुलं आणली. तेवढ्यात बाबा आले, कोणी बोलावलं माहीत नाही. खांद्यावर उपरणं टाकलेलं. दोन माणसांसाठी त्यांनी पूर्ण गाऱ्हाणं घातलं, एक शब्दही न गाळता, त्याच आवाजात. साद द्यायला मी आणि भिकाजी, दोघंच. आम्ही गावाएवढं ओरडलो.

मग ती दोघं आमच्याकडे जेवायला आली. आईनं वाढदिवसाचे सगळे घावने त्यांच्या पानात वाढले आणि माझ्यासाठी पेज ठेवली, जे मला योग्यच वाटलं. आजीनं रस दोनदा मागून घेतला. बाबा आणि आजोबा भाताच्या जातींवर बोलत होते. मी पाण्याचे तांबे भरत होतो. आजी बोटं चाटता चाटता माझ्याकडे बघत राहिली, निरखून.

"ह्यो झील काय करता गो तुझो?" तिनं आईला विचारलं.

"कॉम्प्युटरार असता," आई म्हणाली.

आजीनं मान हलवली, एकदा घराकडे, आढ्याकडे, ओटीवरच्या अडकित्त्याकडे बघून घेतलं, आणि आवाज जरासाही खाली न आणता म्हणाली, "मगे घरात कमावणारो दुसरो कोणतरी आसा मां?"